थेंबही न गळणारा गिझर

गिझर चालू राहिला तर थोरल्याला सगळंच मिळणार होतं: दुकान, दुकानावरची पाटी आणि बापाच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकाला "परवा या" म्हणण्याचा हक्क. गिझर बंद पडला तर हेच सगळं धाकट्याला, फक्त पाटी वेगळी. आण्णांनी तसं चारचौघांत बोलून ठेवलं होतं. माझ्या न्हाणीघरातला गिझर चालतोय तोवर या दुकानात दुरुस्ती होईल. तो मेला की खुशाल नवी खोकी विका. दोन मुलांत निवाडा करायला बाप कचरला की तो असा एखादा निर्जीव पंच नेमतो. निर्जीव पंचाला लाच देता येत नाही, अशी आण्णांची समजूत होती.

थोरल्याने ती आठवड्यापूर्वीच दिली होती.

त्या दिवशी आण्णा कानाच्या डॉक्टरकडे गेले होते आणि गिझरने मान टाकली होती. थोरल्याने घाईघाईत टोपण उघडलं. थर्मोस्टॅट गेला होता. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडायची, एवढंच काम असलेला हा पुर्जा. पण त्या जातीचा आता कुठे बनत नव्हता. थोरला दुकानात गेला, भंगाराच्या ढिगातून कुणीतरी टाकून दिलेल्या एका नव्या गिझरचा थर्मोस्टॅट उचकटला आणि जुन्याच्या पोटात बसवला. लाल दिवा लागला. आण्णा परतले तेव्हा पाणी गरम होतं. "बघ," ते धाकट्याला म्हणाले, "तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे हा, आणि अजून एकदाही आजारी पडला नाही." धाकट्याने नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. थोरल्याने मान खाली घातली, ती सगळ्यांना विनयाने घातल्यासारखी वाटली.

आजच्या रविवारी निकाल लागायचा होता. एका कंपनीने धाकट्याला नव्या गिझरची एजन्सी देऊ केली होती आणि तिचा माणूस उत्तरासाठी खोळंबला होता. म्हणून ताई आदल्या संध्याकाळीच येऊन थांबली होती. ती सगळ्यांत मोठी, इस्पितळात नर्स. आण्णांनी आता दुकान सोडावं आणि आपल्याकडे येऊन राहावं, एवढंच तिचं म्हणणं, म्हणून ती धाकट्याच्या बाजूची. तिला स्वतःला यातून काहीच मिळणार नव्हतं, आणि ज्याला काही मिळणार नसतं त्याच्यावर घरात कुणाचाच विश्वास नसतो.

थोरल्याने पहाटेच गिझरचं बटण दाबलं आणि मग कुणाला ते बंद करू दिलं नाही. न्हाणीघराबाहेरच्या बोळात बटणांचा बोर्ड होता. त्यावर आण्णांनी गिझरचा लाल दिवा ओढून आणला होता, तो बाहेरच्या खोलीतून दिसायचा, आणि थोरल्याने आपली खुर्ची तो दिसेल अशीच मांडली होती. खरं तर पाणी तापलं की तो दिवा विझायला हवा. पाणी कधीच तापून गेलंय आणि दिवा तरीही जळतोय, याचा अर्थ दुकानात झाडू मारणाऱ्यालाही कळला असता. पण जिंकत आलेला माणूस दिव्याकडे दिवा म्हणून बघत नाही.

आण्णांनी सकाळीच आपली बादली भरून ठेवली. मग दाढी केली, पेपर वाचला, मुलांचं भांडण कान काढून ठेवून ऐकलं, म्हणजे कानातलं यंत्र डबीत ठेवून, आणि बादलीतलं पाणी सोसेल इतपत निवल्यावर न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली.

बाहेर चर्चा रंगली होती. धाकट्याचं म्हणणं असं की लोकांना टिकाऊ वस्तू नकोच असते, टिकाऊ वस्तूबद्दल बोलायला हवं असतं. थोरल्याचं म्हणणं असं की हल्लीच्या वस्तू गॅरंटी संपायची वाट बघत बसलेल्या असतात. ताई म्हणाली, माणसंही तशीच असतात, म्हणून वेळेवर रिटायर व्हावं. यावर दोघे भाऊ एकाच वेळी हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते शेवटचं एकमत.

स्वयंपाकघरात थोरल्याची बायको चहाचे कप विसळत होती. तिला घरात सगळेच वहिनी म्हणत, रागावले की आण्णासुद्धा. तिचा हिशेब साधा होता. नवऱ्याला खुर्ची मिळाली तरी चहा तिनेच न्यायचा होता, दिराला मिळाली तरी तिनेच. स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ त्याच गिझरवरून आलेला. तिने तो उघडला.

पाणी आलं नाही. नळाच्या तोंडातून किंचाळल्यासारखा आवाज करत पांढरी वाफ सुटली आणि तिच्या बोटांवर बसली. तिने डाव्या हाताने नळ पिळून बंद केला. मग ती ओरडली नाही. ती ऐकत राहिली, कारण भिंतीपलीकडून, न्हाणीघराच्या बाजूने, मोठ्या पातेल्यात खडे ढवळावेत तसा आवाज येत होता. मधेच तो थांबायचा. थांबल्यावर जास्त भीती वाटायची.

"अहो," ती दारात येऊन म्हणाली. "नळातून वाफ येतेय. नुसती वाफ."

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. धाकट्याने आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग लाल दिव्याकडे, मग भावाच्या चेहऱ्याकडे, आणि उठून बोर्डाकडे धावला. त्याने गिझरचं बटण बंद केलं, वर फ्यूजही उपसला. दिवा गेला. आवाज गेला नाही.

"थर्मोस्टॅट चिकटलाय," धाकटा म्हणाला. "पण तो तर अमर होता ना?"

थोरला खुर्चीचा हात धरून उभा होता. गप्प राहिलं तर कदाचित काही होणार नाही, पाणी निवेल, दिवा पुन्हा लावता येईल, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि तो आला याचीच त्याला नंतर बरेच दिवस लाज वाटली. "मी बदलला," तो म्हणाला. "भंगारातला बसवला. नवा."

एरवी या वाक्यावर धाकट्याने महिनाभर चैन केली असती. आता त्याने फक्त मान हलवली. "ठीक आहे. घाबरू नका. वर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. टाकीत दाब वाढला की तो आपोआप उघडतो. वाफ त्यातून निघून जाईल, थोडं गळेल, बस."

सगळ्यांनी श्वास सोडला. ताईने वहिनीचा हात धरून गार पाण्याच्या भांड्यात बुडवला. थोरला तर बसलाच. आणि तेव्हा वहिनी म्हणाली, "तो गळत नाही."

"म्हणजे?"

"पूर्वी गळायचा. रोज फरशीवर डबकं. मीच आण्णांना म्हटलं, दुनियेचे नळ दुरुस्त करता आणि घरातली सून पोछा घेऊन फिरते. त्यांनी व्हॉल्व्ह काढला आणि तिथे पितळी बूच मारलं. त्यानंतर एक थेंब नाही."

हे दुरुस्तीवाल्यांचं घर होतं, प्रत्येकाला पुढचं गणित येत होतं. थोरल्याने घाईत वरच्या बुचाकडे पाहिलंही नव्हतं, आण्णांना थर्मोस्टॅट माहीत नव्हता. प्रत्येकाने आपापली एकच चूक केली होती, आणि दोन्ही चुका त्या तांब्याच्या जाड टाकीत आमनेसामने बसल्या होत्या. उकळत्याच्याही पलीकडे गेलेलं पाणी, बाहेर पडायला वाट नाही, आणि टाकी अशी की ती सहजी फाटणार नाही. जेव्हा फाटेल तेव्हा भिंत घेऊन जाईल. टाकीच्या खाली स्टुलावर आण्णा बसले होते.

थोरला स्वयंपाकघराकडे धावला. "नळ सोडतो. दाब उतरेल."

धाकट्याने त्याला कमरेला मिठी मारून अडवलं. लहानपणी मारामारीत मारायचा तशीच. "हात लावू नकोस. दाब एकदम उतरला तर सगळ्या पाण्याची एका क्षणात वाफ होईल. आता कुणी कुठला गरम नळ उघडायचा नाही. नुसतं निवू द्यायचं."

"आणि आण्णा?" ताईने विचारलं.

वहिनीने डोळे मिटले. आंघोळ झाली की आण्णा शेवटी गुडघ्यांवर गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडायचे. गुडघे शेकून निघतात म्हणायचे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण टॉवेल वाळत घालणाऱ्या बाईला ते वेळेसकट ठाऊक होतं. बादलीत मग बुडवल्याचा आवाज आता थांबला होता.

ताई दार बडवू लागली. थोरल्याने हाका मारल्या, आधी आण्णा, मग बाबा, जे तो शाळेत जायचं थांबल्यापासून म्हणाला नव्हता. आतल्या माणसाचे कान डबीत, टेबलावर पडले होते. धाकटा म्हणाला, दार तोडू. थोरला म्हणाला, दाराची चौकट आणि गिझरची भिंत एकच आहे, धक्का बसला तर? धाकटा म्हणाला, मग तू सांग. दोघेही दारापासून थोडे मागे सरकले, आणि दोघांनी ते एकमेकांचं पाहिलं.

वहिनी त्यांच्या मधून पुढे गेली. दुकानात ग्राइंडर चालू असला की हाक ऐकू जात नसे. आण्णांचे कान गेले तेही त्यातच. म्हणून त्यांनी कामाच्या टेबलावरच्या दिव्याची भाषा लावून दिली होती. एकदा विझवला तर गिऱ्हाईक आलंय. दोनदा, चहा. चहाचा दिवा वहिनीचा, तेवढ्यापुरतीच तिला दुकानातल्या बोर्डाला हात लावायची मुभा होती. तीनदा म्हणजे असेल ते सोड, हात वर कर आणि बाहेर ये, विचारू नकोस. त्याचा उपयोग आण्णा क्वचितच करत, पण ज्याने तेव्हा "का?" विचारलं त्याला त्यांनी कामावर ठेवलं नव्हतं.

न्हाणीघरातल्या दिव्याचं बटण बाहेरच होतं. तिने भाजलेल्या बोटांनीच ते खाली केलं, वर केलं. पुन्हा. पुन्हा.

आत आण्णांनी डोळ्यांतला साबण पुसून नळाकडे हात नेला होता. बोटं चावीवर टेकली आणि दिवा गेला. लाइट चालली वाटतं, त्यांना वाटलं, उरकून घ्यावं. दिवा आला. पुन्हा गेला. चहा, त्यांच्या मनाने आपोआप म्हटलं, आणि आंघोळीत चहा पाठवणाऱ्याची गंमत वाटून ते हसलेही. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांचे दोन्ही हात वर होते. विचार नंतर आला. तळपायांना फरशी थरथरताना जाणवली ती त्याच्याही नंतर. त्यांनी मान वर केली. टाकी नेहमीसारखी पांढरी, गुळगुळीत, कोरडी होती. पितळी बूच चमकत होतं, कारण आण्णा दर रविवारी ते पुसत.

ते चड्डीवर, अंगावर साबण तसाच, हात वर केलेले, बाहेर आले. पोलिसांना शरण आल्यासारखे. कुणी हसलं नाही. ताईने टॉवेल टाकला, थोरल्याने एका बगलेत धरलं, धाकट्याने दुसऱ्या, आणि सगळे मागच्या अंगणातून पार कुंपणाच्या टोकापर्यंत गेले. धाकट्याने दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना घराबाहेर काढलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. फक्त त्या भिंतीकडे बघत बसायचं, आणि भीती अशी की कुणाला तिच्याकडे पाठ करून बसवेना.

बघत बसलेल्या माणसांना दोषी लागतो. आधी दोघे भाऊ एकमेकांवर घसरले. मग दोघांनी मिळून आण्णांना धरलं, ताईने निघताना उचललेल्या डबीतले कान घालायला लावले आणि विचारलं की दुकानात आम्हाला शिकवलंत काय आणि घरात केलंत काय. आण्णा म्हणाले, गळणारी वस्तू घरी ठेवली असती तर दुकानात कोण आलं असतं? मग तिघांच्याही नजरा हळूहळू एकाच ठिकाणी गेल्या. "तू तगादा लावला नसतास तर," थोरला बायकोला म्हणाला.

"तिला एक शब्द बोलशील तर बघ," ताई म्हणाली. ती वहिनीच्या बोटांवर ओला रुमाल गुंडाळत होती. "तुम्ही दोघं दारापासून मागे सरकलात. ती पुढे गेली. मी बघितलंय." सकाळी ती धाकट्याच्या बाजूची होती. आता ती कुणाच्या बाजूची आहे हे विचारायचं धाडस धाकट्याला झालं नाही.

भिंतीमागून एक जोराचा ठणका आला. सगळे खाली बसले. वहिनीने नकळत आण्णांच्या डोक्यावर हात धरला. मग काही नाही. मग दुसरा, जरा दबका. धाकटा म्हणाला, निवतंय, पत्रा आकसतोय. तो हे विश्वासाने म्हणाला की नुसतं म्हणाला, कळलं नाही.

आण्णांना मात्र त्या आवाजाने उभारी आली. "धरलं बघ," ते टॉवेल आवळत म्हणाले. "आपल्या टाकीने धरलं. नवा गिझर असता तर केव्हाच फुटला असता."

"नवा असता तर गळला असता, आण्णा," वहिनी म्हणाली. "मी पुसलं असतं."

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. कानातलं यंत्र नीट बसलेलं होतं, त्यामुळे ऐकू आलं नाही म्हणायची सोय नव्हती. मग त्यांचा चेहरा जो उतरला तो काही त्या वाक्याने उतरला नव्हता. ते ताईच्या लक्षात आलं. रोग्याच्या चेहऱ्यावर पुढचं वाचायची तिला सवय होती.

"आण्णा," तिने विचारलं, "आणखी कुणाकडे?"

आण्णांनी गल्लीकडे पाहिलं.

"आणखी कुणाकडे बूच मारलंय?"

"लोक यायचे," आण्णा म्हणाले. "गिझर गळतोय म्हणून. व्हॉल्व्ह बदलला तरी वर्षभराने पुन्हा गळायचा, मग लोक म्हणायचे दुरुस्ती कच्ची. आमच्याकडून गेलेला गिझर गळत नाही, अशी ख्याती झाली. त्यावरच तर..." त्यांनी हाताने घर दाखवलं, मुलं दाखवली, अंगण दाखवलं.

"किती जणांकडे?"

"जो गळका आला, त्याच्याकडे. ते काम मी एकटाच जाऊन करायचो."

धाकटा कुंपणाला टेकला. मघाची भीती एका भिंतीची होती. आता ती रस्त्यावर गेली, गल्लीत वळली, जिन्यांवरून चढली. किती न्हाणीघरं, किती पांढऱ्या गुळगुळीत टाक्या, सगळ्या कोरड्या, सगळ्यांतले थर्मोस्टॅट रोज थोडे म्हातारे होणारे. आणि रविवारची सकाळ, सगळ्यांच्या आंघोळीची वेळ.

हत्यारं घरात अडकलेली आणि शेजाऱ्यांना आत शिरू न देण्यासाठी राखण करणं भाग, म्हणून लगेच कुणाला निघता आलं नाही. दुपार कलली तेव्हा टाकी हाताला कोमट लागली. आण्णांनी स्वतः ती भिंतीवरून उतरवायला लावली. ती उतरली त्या घटकेला, ठरल्याप्रमाणे, दुकान धाकट्याचं झालं. धाकट्याने कंपनीच्या माणसाला फोन करून नंतर बोलू म्हटलं आणि हत्यारांची पिशवी उचलली. थोरल्याने दुसरी उचलली. नोंद कुणाचीच ठेवलेली नव्हती; आण्णांना आठवतील ती घरं, एवढाच आधार.

पहिलं घर चष्म्याच्या दुकानवाल्याचं. त्याने दार उघडलं, आण्णांना बघून तो हरखला. गिझर बंद करा म्हटल्यावर तो हसायला लागला. "काय राव, थट्टा करता? तुमच्या हातचा आहे तो. एवढी वर्षं झाली, थेंब गळला नाही. माझा मुलगा नवा आणतो म्हणतो, मी म्हटलं घरात पाऊल टाकू देणार नाही."

थोरल्याने दाब, वाफ, व्हॉल्व्ह सगळं समजावलं. धाकट्याने ते अधिक मोठ्या आवाजात समजावलं. चष्मेवाला शहाणा माणूस होता. त्याने ओळखलं की म्हाताऱ्याला बाजूला सारून पोरांना नवे गिझर खपवायचे आहेत. त्याने तसं तोंडावर सांगितलं आणि आण्णांच्या पाठीवर हात ठेवला. "आम्ही आण्णांचं ऐकतो. काय आण्णा?"

आतून कुणीतरी ओरडून विचारलं, पाणी तापलं का.

आण्णांनी भिंतीचा आधार घेतला. त्यांच्या मुलांनी त्यांच्या तोंडून जे कधी ऐकलं नव्हतं ते त्यांनी त्या दारात म्हटलं, आणि दोन्ही पोरांनी मान फिरवली, कारण बापाला उघडं बघायची त्यांना सकाळीच सवय झाली होती तरी हे वेगळं होतं. "वाफेची वाट मी बंद केली. माझं चुकलं. आत कुणाला जाऊ देऊ नका."

चष्मेवाल्याने पाठीवरचा हात काढून घेतला.

असं ते पुढच्या दारावर म्हणाले, आणि त्याच्या पुढच्या. कुणी रडलं, कुणी दार आपटलं, एका म्हातारीने पाणी दिलं. संध्याकाळपर्यंत त्यांना ते वाक्य न अडखळता म्हणता येऊ लागलं.

हिशेब करायचा तर असा. धाकट्याला दुकान मिळालं. मात्र ज्यांचे जुने गिझर काढले त्यांनी नवे दुसरीकडून घेतले. थोरल्याला काम मिळालं, महिनोन् महिने पुरेल इतकं, सगळं फुकट. ताईने आण्णांना आपल्याकडे न्यायचं म्हटलं, ते आता तयार होते, आणि तिला आता ते असे खचून तयार झालेले नको होते. वहिनीच्या बोटांवरची कातडी गेली, नवी आली ती नखांपाशी थोडी गुळगुळीत राहिली. आण्णांनी आपलं कमावलेलं नाव देऊन टाकलं, दारोदार फिरून, एकेका उंबऱ्यावर एकेक तुकडा. जी घरं त्यांना आठवली त्यांचं देणं त्यांनी असं भरलं. जी आठवली नाहीत तिथली माणसं अजून गरम पाण्याने आंघोळ करतात, आणि आपला गिझर थेंबभरही गळत नाही म्हणून पाहुण्यांना दाखवतात.